पाचवा रकाना

अलिचुरमध्ये मला पगार मिळतो
लेंड्या वेचण्याचा.
आई हे शेजारणींना सांगत नाही.
"मोजणीचं काम आहे," म्हणते
आणि चहात मीठ टाकते.

ताजी लेंडी चकाकते.
एका टोकाला खळगी, दुसऱ्याला चोच.
कागदी पिशवीत वीस-वीस,
वर पेन्सिलीने, कारण इथे शाई गोठते:
तारीख. चढ किती. चढाचं तोंड कुठे.
आजूबाजूला काय उगवलंय.
आणि पाचव्या रकान्यात,
पळायची वेळ आली तर
आडोसा किती पावलांवर.

दुशान्बेहून मेहरअंगेज येते,
मायक्रोस्कोप पोराला घ्यावं तसा मांडीवर घेऊन.
तिने काचेवर दाखवलं:
चावलेलं, गिळलेलं, परत तोंडात आणून
सावकाश रवंथ केलेलं,
सगळं पोट फिरून आलेलं पान
तरीही आपलं नाव सोडत नाही.
हे लव्हाळं, विटा रचल्यासारखं.
हे तेरेस्केन, त्याच्या अंगावर
चांदणीच्या आकाराची लव.

जूनमध्ये रानमेंढ्यांतले नर, आमचे कुलजे,
शिंगांची वेटोळी सांभाळत
झऱ्याकाठच्या ओल्या हिरवळीत उतरतात.
पिलांच्या आया येत नाहीत.
त्या वर, दगडांना लागून,
जिथे गवत मोजून मिळतं
आणि लांडगा लांबून दिसतो.
मी दोन्हीकडच्या लेंड्या हातात घेतल्या आहेत.
बापांच्या जाड, गुळगुळीत.
आयांच्या हलक्या, काडी न् काडी दिसणाऱ्या.
(हे लिहू नकोस, मेहरअंगेज म्हणाली.
फक्त वजन लिही.)

थंडीत सगळेच
वाऱ्याने झाडून काढलेल्या उतारांवर.
खुराने बर्फ उकरायला अंगात बळ लागतं,
वारा फुकट उकरून देतो.
फेब्रुवारीच्या लेंडीत काचेखाली
नुसत्या चांदण्याच चांदण्या.

वीतभर झुडूप, हातभर मूळ.
त्याच्यावरच आमची चूल.
झाड असं इथे दुसरं नाहीच.
आई कुदळ घालते, मान तिरकी करते, ओढते.
अख्ख्या गावात उलकानसारखं मूळ
कुणाला ओढता येत नाही.
दोन झुडपांत एक किटली उकळते.
एका झुडपाला वाढायला
माझ्या वयाहून जास्त वर्षं लागतात.

हे मी तिला सांगितलं.
"मग चहा काय तुझ्या लेंड्यांवर करू?"
पुरणार नाहीत, मी म्हटलं.
दोघी हसलो.
मग बराच वेळ कुणी हसलं नाही.

मार्चमध्ये, सलग नऊ दिवस बर्फ पडल्यावर,
पहाटे तिने मला खांद्याला धरून उठवलं.
बोट ओठांवर.
मागच्या खिडकीखाली रचलेल्या ढिगाशी
एक अर्खार, मादी.
बरगड्या मोजाव्यात अशी,
पोट मात्र खाली ओघळलेलं, गाभण.
वाळकी काडी ओढायची, चावायची,
थांबून काचेकडे बघायची.
आईच्या हातात परात होती.
एकदा ठोकली असती तर
टेकडीपलीकडे गेली असती.

आई तशीच उभी.
चूल थंड. किटली थंड.
उजाडेपर्यंत आम्ही
आमचं सरपण चावण्याचा आवाज ऐकत राहिलो.

मग मी पिशवी घेऊन बाहेर गेले.
सतरा लेंड्या, वाफ येत असलेल्या.
चढ: नाही.
तोंड: खिडकीकडे.
आजूबाजूला: तोडून ठेवलेलं तेरेस्केन,
अंदाजे चाळीस किटल्यांचं.
पाचवा रकाना मी तीनदा खोडला.
कागद फाटायला आला.

चार पावलं, लिहिलं.
काचेमागे आई.

मेहरअंगेज विचारेल, हे काय.
सांगेन,
मोजलंय.